एसटीची ड्युटी, जेवणाला वेळ नाही : साखरेची गोळी नक्की घ्यायची कधी?

साखरपा_जलद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, रत्नागिरीकडचा. नोकरीला एकवीस वर्षं झाली. वय ४७, वजन ५९ किलो. पोट म्हणाल तर पट्ट्याच्या एका भोकाएवढंच पुढे आलेलं. तरी गेल्या ऑगस्टात तपासणीत साखर निघाली. उपाशीपोटी १८६, जेवल्यावर २७४ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.९. आईला होती, पण ती अंगाने भरलेली, त्यामुळे मी आपला निर्धास्त.

गोळी मिळाली ती ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. सकाळ-संध्याकाळ एकेक, चिठ्ठीवर लिहिलंय 'जेवणाआधी'. पहाटे साडेपाचला गोळी, सहाची कोल्हापूर काढायची आणि साडेआठला मलकापुरात खायचं, असं माझं बसलेलं गणित. आठ महिने निभावलं. मधे दोन-चारदा हातापायांतलं बळ गेल्यासारखं झालं होतं, पण चहा घेतला की बरं वाटायचं, म्हणून मनावर घेतलं नाही.

गेल्या बुधवारी साखरपा सोडलं, आंबा घाट लागला आणि वरच्या वळणावर कंटेनर बंद पडलेला. दोन्ही बाजूंना रांग. साडेआठ झाले, नऊ झाले. आधी कपाळावर घाम आला. एप्रिल आहे, म्हटलं उकाडा. मग हात थरथरायला लागले, तिकिटाच्या मशीनवरचे आकडे दोन-दोन दिसू लागले. साखरप्याला चढलेल्या एका मुलाचे शंभरातले सुट्टे द्यायचे राहिले होते. ते द्यायला गेलो आणि त्याच्या हातावर चारशे रुपये ठेवून परत फिरलो. मुलगा सज्जन, हाक मारून पैसे परत दिले. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी टाकून आलाय वाटतं." ते अजून कानातून जात नाही.

पुढच्या बाकावर एक आजी होत्या, गणपतीपुळ्याहून दर्शन करून निघालेल्या. त्यांनी मला हाताला धरून बसवलं, प्रसादाची पुडी सोडली आणि खडीसाखर तोंडात कोंबली. "चाव. आमच्या ह्यांचं पण असंच व्हायचं," एवढंच बोलल्या. दहा-पंधरा मिनिटांत माणसात आलो. पुढे मलकापुरात गाडी लागल्यावर अशी भूक, की तीन वडापाव आणि दोन गोड चहा. दुपारी कोल्हापुरात मेहुण्यांच्या साखर मोजायच्या मशीनवर बघितलं तर ३१२!

साखरप्याला साखर उतरली, असा विनोद आगारात चाललाय. मला काही हसू येत नाही.

आता प्रश्न. गोळी घ्यायची कधी, की सकाळची बंदच करू? आमच्या हिने घाबरून भात बंद केलाय, दोन्ही वेळा भाकरीच, तीन-तीन. त्याने फरक पडेल का? मी संकष्टी धरतो, चंद्रोदयाशिवाय जेवत नाही. ते चालेल का? रत्नागिरीत राहून एप्रिल-मेमध्ये आंबा खायचा नाही, हे मला कोणीतरी तोंडावर सांगा. आणि मी एवढा काटकुळा, मला हे झालंच कसं? आगारातले म्हणतात तुला नसेलच, लॅबवाल्याने दुसऱ्याची बाटली तपासली असेल.

गडहिंग्लजची_सिस्टर

कंडक्टरभाऊ, पहिलं म्हणजे त्या आजी पुन्हा भेटल्या तर माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे दोन मिनिटांत केलं, ते आमच्या वॉर्डात नव्या पोरींकडून घोकून घ्यावं लागायचं.

मी सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. माझी स्वतःची साखर सोळा वर्षांची. तुमचं वाचताना माझाच एक दिवस डोळ्यांपुढे आला. नुकतीच इन्सुलिनवर गेले होते. दुपारचं टोचून घेतलं, डबा उघडला आणि बाळंतपणाची केस आली. डबा तसाच. बाळ सुखरूप झालं, मी त्याला काट्यावर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "आठ किलो दोनशे." होतं दोन किलो आठशे. आमच्या आयाबाईंनी बाळ माझ्या हातातून काढून घेतलं, मला स्टुलावर बसवलं आणि ग्लुकोज पाजलं. मोजलं तर ४८. रोज दहा जणांना 'टोचलं की जेवा' सांगणारी बाई मी. तेव्हा दारूवरून बोलणाऱ्याचं मनाला लावून घेऊ नका, साखर उतरलेला माणूस दिसतो तसाच.

७०च्या खाली गेली की उतरली समजायचं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे दोन-दोन, हिशेबात घोळ, सगळं त्यातलंच. मशीन हाताशी नसेल तर मोजायच्या नादाला लागू नका, आधी साखर घ्या. चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. मग १५ मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही किंवा मशीन अजून ७०च्या खालीच दाखवतंय, तर तेवढंच पुन्हा. माणूस चुकतो तो ह्या पंधरा मिनिटांतच. सगळं अंग 'खा, खा' म्हणून ओरडत असतं आणि समोर वडापाव तळत असतो. तुमचे ३१२ तिथून आले. पेढा, चॉकलेट अशा वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पण बरं वाटल्यावर डब्यातलं नीट काहीतरी खायचंच, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो. सकाळी उतरलेली साखर दुपारी पुन्हा उतरू शकते. तुमच्या चालकाला हे सगळं सांगून ठेवा, लाजू नका. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही, कुशीवर वळवून १०८ लावायचा, हेही सांगा.

आता गोळी. तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगळे. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताकडून रक्तात येणारी साखर कमी करतं, पण एकटं असेल तर सहसा ७०च्या खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावतं. तुम्ही खाल्लंय की घाटात अडकलाय, हे त्याला कळत नाही. साडेपाचला तुम्ही त्याला कामाला लावलं आणि नऊपर्यंत पोटात दाणा नाही. दुसरं काय होणार होतं? ही गोळी घड्याळ बघून घ्यायची नसते, ताट पुढ्यात आलं की घ्यायची. पहिल्या घासाच्या तोंडावर. मलकापुरात खाणार असाल तर गोळी मलकापुरात.

बंद मात्र स्वतःच्या मनाने करू नका. खरं सांगा, आठ महिने जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणताय ना? डॉक्टरांकडे जा आणि जाताना ड्युटीचा तक्ता घेऊन जा. कुठल्या दिवशी पहाटेची, कुठल्या दिवशी मुक्कामी गाडी, जेवण किती वाजता, सगळं. 'जेवणाआधी' लिहिणाऱ्याला तुमचं जेवण कधी होतं हे माहीतच नाही. साखर अशी ७०च्या खाली सहसा न नेणारी औषधं आहेत, ते बघतील.

भाकरीचं विचारलंत. कशाची भाकरी? रत्नागिरीचे म्हणजे तांदळाचीच असणार. मग वहिनींनी भात बंद करून काय साधलं? तोच तांदूळ, फक्त थापलेला. तीन भाकऱ्यांत मुठीने पीठ जातं. नाचणीची-ज्वारीची करा, दोनवर या आणि वाटीभर भात खुशाल खा. पण ताटाचा क्रम बदला, आधी भाजी-कोशिंबीर, कुळथाचं पिठलं किंवा मासे, भात सगळ्यात शेवटी. मी माझ्यावर करून बघितलंय. तेच जेवण, तीच वाटी, भात शेवटी घेतला की दोन तासांनंतरचा आकडा तीस-चाळीसने खाली असतो. आणि वर पंधरा मिनिटं चालायचं. तुम्हाला गाडीत उभं राहायला लागतं हे मान्य, पण उभं राहणं म्हणजे चालणं नाही.

संकष्टी! ग्लिमेपिराइड घेऊन चंद्र उगवेपर्यंत उपाशी? पावसाळ्यात ढगांतून चंद्र दिसला नाही तर काय करणार होतात? बाप्पाची क्षमा मागा आणि डॉक्टरांनी गोळी बदलेपर्यंत संकष्टी ठेवा बाजूला. पुढे धरायची झाली तरी साबुदाणा नको. तो म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च), त्यात तंतू नाही की प्रथिन नाही, दाण्याचं कूट असतं म्हणून थोडं तरी बरं.

आंब्याचं पुढच्या वेळी. आधी पाय दाखवा. बूट घट्ट आहेत का? रात्री घरी गेल्यावर तळवे बघता का?

मिरजेतलं_काउंटर

माझं औषधाचं दुकान आहे. सिस्टरबाईंनी जुन्या चिठ्ठीचं म्हटलं ते खरंय, आमच्याकडे तीन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या येतात. घडीवर फाटलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या. मी विचारतो, मधे दाखवलं का? "काही त्रास नाही ओ, तीच द्या."

दोन-तीन गोष्टी. पाकिटावर दोन नावं आणि दोन आकडे असतात, ते वाचायला शिका. लहान आकडा ग्लिमेपिराइडचा, सहसा १ किंवा २ मिलिग्रॅम. मोठा मेटफॉर्मिनचा, ५०० किंवा १०००. नावापुढे एसआर असेल तर गोळी मोडायची किंवा चावायची नाही, ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. कधी कधी संडासात अख्ख्या गोळीसारखं टरफल दिसतं. लोक घाबरून परत घेऊन येतात (हो, गोळी घेऊन येतात, काय सांगू). औषध अंगात गेलेलं असतं, राहिलेला सांगाडा तो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी, त्यातून शाकाहाऱ्यांनी, बी-१२ तपासून घ्यावं. पायाला मुंग्या बी-१२ कमी झाल्यानेही येतात, पण सगळे साखरेलाच धरतात.

सिस्टरबाई म्हणाल्या ती, साखर सहसा फार खाली न नेणारी औषधं महाग म्हणून पूर्वी लोक नको म्हणायचे. आता तसं नाही. त्यातल्या व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९च्या शेवटी संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२मध्ये, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी काढली आणि भाव चांगलेच पडले. परवडणार नाही असं आधीच धरून चालू नका, डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिनवाल्यांसाठीही लिहितो, कारण ही चूक मी डोळ्यांनी बघितलीय. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनातलं १००चं. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४०ला, केशरी टोपीची १००ला. एका आजोबांची साखर तीन महिने ताब्यात येईना. डोस वाढवून झाला, पथ्यावरून घरात भांडणं झाली. शेवटी मी सिरिंज आणायला सांगितली, तर केशरी टोपी! कुठल्याशा दुकानातून तीच दिलेली. बाटली ४०ची, सिरिंज १००ची. वीसच्या खुणेपर्यंत भरलं की अंगात जायचे फक्त आठ युनिट. उलटं झालं असतं, म्हणजे पेनाच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीने ओढलं असतं, तर विसाचे पन्नास झाले असते.

मूळ_उपाय

[हा प्रतिसाद काढला आहे : औषधाची जाहिरात व फोन क्रमांक. – व्यवस्थापक]

गडहिंग्लजची_सिस्टर

काढलात ते बरं केलंत, पण मी वाचला होता. एकवीस दिवसांत गोळ्या, इंजेक्शनं सगळं सुटेल म्हणे.

कारलं खा, मेथी भिजवून खा, जांभळं खा, मी पण खाते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. 'सगळं बंद करा' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे एक चौदा वर्षांची पोरगी आली होती, लहानपणापासूनची टाइप वनची. अशा मुलांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, बाहेरून घ्यावंच लागतं. घरच्यांनी कोणाचंतरी ऐकून इंजेक्शन थांबवलं आणि काढा सुरू केला. तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय, उलट्या होतायत म्हणून आणली. श्वास धावून आल्यासारखा खोल, आणि तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास. तो वास एकदा घेतलेली सिस्टर जन्मात विसरत नाही. तिला जिल्ह्याला पाठवलं, वाचली. आई गाडीत चढताना मला म्हणत होती, "पण साखर तर गोडाने होते ना हो, गोड तर कधीच बंद केलं होतं."

बस्स, ह्याच्यावर आणखी लिहिलं तर रक्तदाब वाढेल.

कोथरूडची_गच्ची

'काटकुळा असून मला कसं' याबद्दल. माझे सासरे ५४ किलोचे आणि २२ वर्षं साखरेचे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातही होता.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्य याच प्रश्नावर घालवलंय. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक फोटो छापून आला होता. शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे, एक याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. कपड्यात दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघं सारखेच. आपली चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती बसते आणि हातापायांवर स्नायू कमी. त्यांच्याच गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबीच्या बाबतीत तेवढी मागे नाहीत. कमी पडलेले ते स्नायू. म्हणजे ही गोष्ट जन्माआधीच सुरू होते.

तेव्हा वाहकदादा, पट्ट्याचं ते एक भोक हलक्यात घेऊ नका. लॅब चुकली असेल हे मात्र डोक्यातून काढा. उपाशीपोटी १२६ किंवा वर मधुमेह, जेवल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर मधुमेह, एचबीएवनसी ६.५ किंवा वर मधुमेह. तुमचे तिन्ही वर आहेत. तीनदा दुसऱ्याची बाटली कशी येईल?

मडगांवचो_पाव

आम्हा गोंयकारांना ह्यात कोणी मागे टाकू नये. २०२३मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा अहवाल आला, त्यात मधुमेहात गोवा पहिला, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एक. आमच्या टेबलावर चार भाऊ जेवायला बसतो, त्यातला मी. बाकीचे तिघे माझ्या ताटातलं बेबिंका (आमचं थरांचं गोड) उचलतात आणि उपकार केल्यासारखं बघतात.

साखरपा_जलद

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, खास करून सिस्टरताईंचे. हो, आठ महिने जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणत होतो. पकडलंत.

ड्युटीचा तक्ता घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटं नुसता तोच वाचला. मग म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलं?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. दोघंही गप्प. ग्लिमेपिराइड बंद केलं. मेटफॉर्मिन एसआर जेवणाबरोबर ठेवलं आणि व्हिल्डाग्लिप्टिन दिलं, त्याआधी यकृताची तपासणी करून घेतली. हे माझं झालं, वाचणाऱ्याने आपल्या डॉक्टरला विचारावं. एचबीएवनसी ७.४ आलंय. हे तीन महिन्यांचं असतं म्हणजे काय, ते मला त्यांनी रक्ताच्या पेशी वगैरे सांगून समजावलं, माझ्या डोक्यात ते आमच्या भाषेत बसलं. बोट टोचून येतो तो आकडा म्हणजे एक तिकीट. एचबीएवनसी म्हणजे वे-बिल, सगळ्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी पथ्य केलं तर एक तिकीट बरोबर येईल, वे-बिल कसं जुळेल?

ही दोन डबे देते आता. एक छोटा, तो सहाच्या आधी आगारातच खातो, दोन घावन आणि मूठभर उकडलेले हरभरे. नाचणीचे घावन बरं का, तांदळाचे नाहीत, तुमचं लिहिणं तिला वाचून दाखवलं. "मग आधी का नाही सांगितलं भाकरी तांदळाची असते म्हणून," असं मलाच ऐकावं लागलं. दुसरा डबा मलकापूरला. मुक्कामी गाडीला अजून जमत नाही. रात्री साडेनऊला पोचतो, गावात एकच टपरी आणि तिथे जे असेल ते. परवा अंडाभुर्जी मिळाली, पाव एकच घेतला. झोपायच्या आधी १८८ होती. आता बघू.

पाय बघितले. डाव्या करंगळीखाली घट्टा होता, मी ब्लेडने कापत आलोय वर्षानुवर्षं. डॉक्टर ओरडले. त्यांनी नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून, डोळे मिटून कुठे लागतंय सांगा म्हणाले. दहा जागांपैकी नऊ बरोबर सांगितल्या. बूट एक नंबर मोठे घेतले. डोळ्यांची तपासणीही झाली, बाहुली मोठी करायचं औषध घातलं. कोणी करणार असेल तर त्या दिवशी रजाच टाका. मी दुपारची ड्युटी घेतली आणि दहाची की वीसची नोट हे उन्हात धरून बघत होतो. पुन्हा कोणी म्हणालं असतं टाकून आलाय.

आणि मशीन घेतलं. पहिल्याच रविवारी घोटाळा. दुपारी जेवल्यावर दोन तासांनी मोजलं, २४१! घरात रडारड व्हायची बाकी. हिने विचारलं, हात धुतले का? मी पुतण्यांसाठी हापूस कापून उठलो होतो. साबणाने धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं, तर १५६. एक पट्टी फुकट गेली. आंबा मी खाल्लाही नव्हता आणि त्याची साखर मला लागली.

तर सिस्टरताई, आंब्याचं काय?

गडहिंग्लजची_सिस्टर

हसून हसून पुरेवाट! ही आंब्याच्या हाताची भानगड आमच्या ओपीडीत दर मे महिन्यात व्हायची.

वाचून बरं वाटलं. ते ब्लेड फेकून द्या. कपाटात ठेवू नका, फेका. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम झाली की कळत उशिरा आणि भरतेही उशिरा. मंदिरात अनवाणी जाता तेव्हा उन्हाच्या फरशीवर रेंगाळू नका, मोजे घालून गेलात तर बाप्पा काही म्हणणार नाही. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (प्रथिनाची) तपासणी राहिलीय वाटतं. किडनी दुखत नाही, सूज येईपर्यंत सांगत नाही, म्हणून वर्षातून एकदा तीही करायची, डोळ्यांसारखीच.

आता आंबा. मी खाते. साखर ताब्यात असते त्या दिवसांत अर्धा हापूस, फोडी करून, जेवताना, आणि त्या दिवशी भात नाही. आमरस नाही, कारण रसाची वाटी म्हणजे किती आंबे हे कोणी मोजत नाही. पुरीबरोबर तर नाहीच. दोन तासांनी मोजायचं (हात धुऊन!). १८०च्या खाली असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा, वर गेली तर पाव आंबा. माझा आकडा तुम्हाला लागू होईलच असं नाही, म्हणून तर मशीन घेतलंत. कोयीला लागलेलं चोखायचं की नाही, तो मात्र तुमचा आणि तुमच्या हिचा प्रश्न.

साखरेची पुडी कुठे ठेवता? गोळी बदलली म्हणून काढून टाकली नाहीत ना? धोका कमी झाला तरी ती राहू दे.

साखरपा_जलद

ठेवली होती. खाकी शर्टाच्या डाव्या खिशात, ग्लुकोज पावडर, कागदाच्या पुडीत. आमची हवा तुम्हाला माहीत नाही. चार दिवसांत पुडीला पाणी सुटलं, खिसा चिकट झाला आणि त्याच खिशाला टेकून तिकिटाचं मशीन लटकतं. पालीला एका प्रवाशाने मला सांगितलं, "मास्तर, तुमच्या मशीनमधून मुंग्या निघतायत."

आता पुतण्याच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन, वाळवून, त्यात भरलीय. बूच घट्ट आहे. चालकालाही दाखवून ठेवलीय. आजी अजून भेटल्या नाहीत, पण मलकापूरच्याच होत्या, भेटतील.